सगळ्यात मागच्याचे गुण

दिनकरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, माझ्या मुलाच्या निवासी शाळेच्या ऑफिसात माफीनामा लिहीत होतो. रविवार होता. वेदांतनं चाचणीत आपला पेपर अर्धा सोडून शेजारच्या मुलाला भागाकार समजावून सांगितला, म्हणून पालकाला बोलावलं होतं. ‘पुन्हा असे होणार नाही’ एवढं लिहून झालं आणि खिशातला फोन वाजला. मेढ्याहून वहिनी बोलत होत्या. “भावजी, हे गेले… चहा घेऊन ओट्यावर बसले होते, तसेच कलंडले.” मी फोन ठेवला, माफीनाम्याखाली सही केली आणि बाहेर पडलो. ती सही मी का केली, कागद तिथंच का फाडला नाही, हे या सहा आठवड्यांत मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल! 

आमची शाळा कडेगाव तालुक्यातली, उसाच्या फडांमधली, दोनच शिक्षकांची. दादा मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखाली; नात्यानं नव्हे, मानानं दादा. घर त्यांचं मेढ्याकडं. आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की घरी जायचे. चौथी-पाचवी त्यांच्याकडं. दर शनिवारी वीस गुणांची चाचणी व्हायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात दादा एकच आकडा लिहायचे, वर्गात ज्याला सगळ्यात कमी पडले असतील त्याचा. तेच गुण सगळ्या वर्गाचे. नाव कुणाचं लिहायचं नाही. मग पुढचा आठवडाभर पुढची पोरं मागच्यांच्या शेजारी बसून शिकवायची. जोड्याच लावून दिलेल्या. मी सुरुवातीला हसलो होतो. हुशार पोरांनी काय घोडं मारलंय, असं तोंडावर विचारलंही होतं.

गावातही बोंब झाली. आमच्याकडं दर दोन घरांआड एक फौजी. निवृत्त सुभेदार एका सोमवारी तावातावानं आले. “गुरुजी, माझ्या नातवाला एकोणीस पडलं आन् फळ्यावर सात? ह्यो कुठला न्याय?” दादांनी त्यांना आधी बसायला लावलं. “आवं सुभेदार, पलटणीत मागं पडलेल्याला टाकून पुढं जाता व्हय तुमी?” सुभेदार मिशीवरून हात फिरवत बसून राहिले आणि पुढच्या आठवड्यात पाढे घ्यायला स्वतःहून हजर! दादांचं सगळं असंच असायचं. भाषण नाही, टाळ्या नाहीत. भाषणं मी करायचो.

तालुक्याच्या शिक्षण परिषदेत ‘उद्याच्या समाजासाठी आदर्श शिक्षण’ या विषयावर मी अर्धा तास बोललो, ते सगळं दादांचंच. पुढं गेलेल्यानं मागं वळून बघावं एवढ्यासाठी शाळा असते, हे त्यांचं वाक्यही मी माझंच असल्यासारखं ठोकून दिलं. दादा शेवटच्या रांगेत डुलक्या घेत होते. परतताना मोटरसायकलवर मागं बसून त्यांची स्वप्नं सुरू झाली. परीक्षा असावी, पण पोरानं दुसऱ्याला काय शिकवलं त्याची. उसाला पाणी कसं द्यायचं हे शिकवायला शेतकऱ्यानं फळ्यापुढं उभं राहावं आणि गुरुजीनं पोरांत बसून ऐकावं. मी म्हटलं, “दादा, तुम्हाला शिक्षणमंत्रीच करायला पाहिजे.” ते म्हणाले, “नको रं बाबा. मंत्र्याचं पोरगं तेवढं माझ्या वर्गात धाडा म्हणावं. शाळा आपोआप सुदरंल.” दोघंही खूप हसलो.

आणि दिवाळीनंतर मी माझंच पोरगं त्यांच्या वर्गातून काढलं. बायकोच्या माहेरचे म्हणाले, मास्तराचं पोर जिल्हा परिषदेत कुजतंय. सैनिकी शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर, आणि वेदांत बसलाय कोमलला हातचे शिकवत! कोमल म्हणजे त्याच्या जोडीची मुलगी. आई-बाप रोजानं ऊस भांगलायला जाणारे. ती सातावरून अकरावर आली होती. पण तिच्या अकरापायी माझ्या मुलाचं वर्ष जातंय, असं माझ्या मनानं घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही लागते, म्हणून दादांपुढं कागद ठेवला. माझी सगळी कारणं पाठ होती. त्यांनी एकही विचारलं नाही. सही करून म्हणाले, “कोमलला सांगितलंस का?”

“ती लहान हाय, दादा. तिला काय कळतंय?”

दादा उठून तासावर गेले. त्यानंतर आमच्यात डबा, बदल्या, पोषण आहाराचे तांदूळ, सगळं बोलणं झालं, पण हे नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो. त्यांच्या त्या गप्प राहण्यावर मला अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो.

आता नवा शिक्षक येईपर्यंत पाचही वर्ग माझ्याकडं आहेत. परवा, शनिवारी, दादा गेल्यानंतरची पहिली चाचणी झाली आणि खडू हातात घेऊन मी चौथी-पाचवीच्या खोलीत उभा होतो. सगळ्यांत कमी आकडा चौदा होता. कोमलचाच. भिंतीकडेच्या बसकरपट्टीवर तिच्या शेजारची जागा तेवढी मोकळी, बाकी पोरं दाटीवाटीनं बसलेली. मी एकाला तिकडं सरकायला सांगितलं. तो जागचा हलेना.

“तितं थोरलं गुरुजी बसत्यात,” कोमल म्हणाली.

“गुरुजी? तुझ्या शेजारी?”

“व्हय. दिवाळीपास्नं. म्हणायचं, येदांत येस्तवर मी तुज्या जोडीला.” तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. “येणार हाय न्हवं त्यो?”

भिंतीपलीकडं एवढे दिवस हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी खडू ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसलो. म्हटलं, दाखव, कुठं अडलंय? कोमलनं वही मांडीवर तशीच धरून ठेवली. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.