ताडपत्रीने झाकून ठेवा

गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना पावसाचे मेसेज पाठवायचे. हसा खुशाल. सुरुवातीला मलाही हसू यायचं. हवामान आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, तेव्हा लहान शेतकऱ्याने पेरणी कधी करावी, पाणी कसं मुरवावं, फवारणी कधी टाळावी, हे आमची संस्था फोनवर सांगायची. मराठीत लिहिणारी ऑफिसात मी एकटीच. परभणीकडची, शेतकी कॉलेजात शिकलेली, नवऱ्याच्या बदलीमुळे दिल्लीतल्या द्वारकेत येऊन पडलेली.

काम खोटं नव्हतं, हे आधी सांगते. खोटं असतं तर इतका राग आला नसता. आमच्या यादीत एक बाई होती, अडीच एकरांची मालकीण. नवरा पुण्याला कंपनीत, घरी थकलेली सासू आणि शाळेत जाणारी दोन पोरं, शेत सगळं हिच्या अंगावर. मेसेज गेला की हिचा फोन यायचाच. ‘‘ताई, तुम्ही उद्या पाऊस म्हणता, पण इथं वारं तसं नाही बघा.’’ मग आमची जुंपायची. माझ्या सांगण्यावरून तिने सोयाबीन रुंद वरंब्यांवर पेरलं, दोन वरंब्यांच्या मधे सरी ठेवली. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जावं आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकावी, एवढंच गणित. भावकीने चिडवून घेतलं, बाईने जमिनीचा भांग पाडलाय म्हणाले. मग ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. आजूबाजूची रानं माना टाकून बसली आणि हिचं सोयाबीन हिरवं राहिलं. त्या दिवशी तिने फोन केला आणि नुसती हसत राहिली. मला ऑफिसच्या मशीनचा चहासुद्धा गोड लागला.

तिच्या शेताचा फोटो आमच्या संस्थेच्या साहेबांनी पाहिला आणि तिथे माशी शिंकली. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या हॉटेलात आमची परिषद होती, परदेशातून पैसे देणारे लोक येणार होते. साहेब म्हणाले, ‘‘इनको बुलाते हैं यार. किसान के बिना क्लायमेट का प्रोग्राम कैसा लगेगा?’’ मी म्हटलं, सर, ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी, तारीख पुढे घ्या. ते म्हणाले, सगळ्यांची कॅलेंडरं ब्लॉक झालीत. शेतकऱ्यांसाठी परिषद घ्यायची आणि नेमकी त्यांच्या काढणीत घ्यायची, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटेल कसं? त्यांच्यातल्या कुणाचं काही काढायचं राहिलं होतं?

ती तयार नव्हती. पण सासूला हौस, सुनेचा दिल्लीत सत्कार! पुढचे चार दिवस उघडीप दिसत होती. तिने बायका लावून सोयाबीन कापलं, कापलेल्या झाडांचे कडपे वाळायला रानातच पसरले आणि परत जाऊन गंजी रचते म्हणत निघाली.

उतरली आमच्याकडेच. येताना ज्वारीचं पीठ आणि कारळ्याची चटणी आणली. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून बराच वेळ वर बघत होती. म्हणाली, ‘‘इथं आभाळ वाचताच येत नाही हो. नुसता धुरळा.’’ साहेबांनी तिच्यासाठी भाड्याची नऊवारी पाठवली होती. ती हातात धरून ही पोट धरून हसली. ‘‘अहो, माझ्या सासूनंसुद्धा नऊवार सोडलं!’’ तरी पाहुणी म्हणून सकाळी नेसली बिचारी.

हॉटेलच्या त्या हॉलला एकही खिडकी नव्हती. हवामानावर दिवसभर बोलणार आणि बाहेर ऊन आहे की पाऊस ते कळायची सोय नाही. तिला पहिल्या रांगेत बसवलं. मी मागे लॅपटॉप उघडला. अंदाज फिरला होता. संध्याकाळी तिच्याच भागात वादळी पाऊस दिसत होता. मी भराभर लिहिलं: ‘काढलेले सोयाबीन तात्काळ गोळा करून ताडपत्रीने झाकून ठेवा.’ एरवी माझा मेसेज तीन जणांच्या मंजुरीत अडकायचा. कधी कधी पाऊस पडून जायचा आणि मग मंजुरी यायची. त्या दिवशी साहेबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. मी म्हटलं, सर, पहिल्या रांगेतल्या बाईंचंच पीक रानात उघडं पडलंय, आधी मी त्यांना बाहेर बोलावून सांगते. साहेबांचे डोळे चमकले. ‘‘अरे, ये तो बिल्कुल परफेक्ट है! लाइव्ह दिखाते हैं!’’

मी तिच्याकडे धावले, पण तोवर साहेब माइकवर पोचले होते. मेसेज मोठ्या पडद्यावर झळकला. खाली इंग्रजी. साहेब म्हणाले, या क्षणी हा शेतकऱ्यांच्या फोनवर पोचतोय. आणि पहिल्या रांगेत फोन वाजला. तिने पिशवीतून तो काढला आणि वाचला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिने दिराला फोन लावला. त्याचंही रान कापलेलं, तो स्वतःचं सावरत होता. कामाच्या बायका गावात एकही मोकळी नव्हती. सासू पोरांना घेऊन रानाकडे निघाली होती, पण ताडपत्री घराच्या माळ्यावर आणि ती खाली काढायची कुणी? विमान बघितलं, तर पोचेपर्यंत मध्यरात्र. ती फोन बंद करून म्हणाली, ‘‘आता जाऊन काय करू, ताई?’’ मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

जेवणानंतर सत्कार झाला. शाल, काचेची ट्रॉफी. सूत्रसंचालिकेने विचारलं, मेसेज से आपको क्या फायदा हुआ? दुभाषी मीच. ती माइकमध्ये शांतपणे बोलली, ‘‘मेसेज अगदी बरोबर आला. माझं सोयाबीन रानात भिजणार आहे आणि मी इथं शाल घेते आहे.’’ मी शब्द न् शब्द हिंदीत सांगितला, आवाज चढवून सांगितला. मग सूत्रसंचालिका खुदकन हसली, ‘‘व्हॉट अ सेन्स ऑफ ह्यूमर!’’ आणि सगळा हॉल हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाऊस तीन दिवस पडला. ती गावी पोचली तेव्हा शेंगांमध्येच दाण्यांना कोंब फुटले होते. उघडीप पडूनही जे पीक तिने वाचवलं होतं, ते आम्ही घालवलं. साहेबांनी अहवालात तिचा शालीतला फोटो पानभर छापला. नुकसानभरपाईचं मी बोलले, तर म्हणाले, त्यासाठी बजेटमध्ये हेडच नाही.

पुढच्या मृगात साहेबांना तिचा व्हिडिओ हवा होता. मी फोन करणार नव्हते. तिचाच आला, पेरणीचं विचारायला. ओल किती खोल गेलीय, वरंबे आधीच करून ठेवू का, सगळं पूर्वीसारखं. मी एकेक सांगत गेले. फोन ठेवताना ती म्हणाली, ‘‘मेसेज पाठवत जा ताई, ते लागतात. फक्त मला बोलवू नका.’’