चालू मशीनची जप्ती

मध्य प्रदेशातल्या धार शहरात पोलीस ठाण्याचा प्रभारी, तिकडच्या बोलीत 'टीआय', असताना केलेला एक तपास मला आजही बारीकसारीक तपशिलासह आठवतो. खून नाही, दरोडा नाही. एका दवाखान्यातल्या दोन व्हेंटिलेटर मशीन नाहीशा झाल्या होत्या, एवढंच.

हा दवाखाना एका डॉक्टर दांपत्याने उभा केलेला. वय झाल्यावर त्यांनी तो मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीला विकला. दवाखाने विकत घ्यायचे, वाढवायचे आणि काही वर्षांनी पुढच्याला विकायचे, हा त्या कंपनीचा धंदा. देवासचाही एक दवाखाना तिने घेतला होता. धारमध्ये इमारत चकचकीत झाली, लिफ्ट आली. फक्त कंपनीमागचा मालक कोण ते कुणाला माहीत नव्हतं.

नव्या व्यवस्थापनाने पोलिसांच्या सेवेचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, काचेचं सन्मानचिन्ह. साथीच्या काळात आमच्या लोकांनी जे सोसलं त्याची कोणी आठवण ठेवली, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, व्यासपीठावर माझी मान ताठ झाली होती.

तिसऱ्या दिवशी तिथले मॅनेजर ठाण्यात आले. दोन मशीन चोरीला गेल्याची फिर्याद आणि संशयित म्हणून एकच नाव. दवाखान्यातला जुना मेकॅनिक. स्टोअरची किल्ली त्याच्याकडे असायची. जाताना मॅनेजर हसून म्हणाले, "टीआय साहेब, घरचंच काम समजा. लवकर उरकून टाका."

'घरचंच' हा शब्द मला खटकला. सत्काराची नोंद मी त्याच दिवशी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, केली आणि पोलीस अधीक्षकांना जाऊन सांगितलं, की माझा त्यांनी सत्कार केलाय, तपास दुसऱ्याकडे द्यायचा तर द्या. ते म्हणाले, "शाल परत करा आणि तपास तुम्हीच करा." मी शाल आणि सन्मानचिन्ह पोचपावती घेऊन परत पाठवलं.

मेकॅनिकला मी इथे काका म्हणतो. सगळा दवाखाना त्यांना काकाच म्हणायचा. धारच्या जुन्या मराठी घरातले, साठीला टेकलेले. अटक न करता नोटीस देऊन बोलावलं. पहिल्या दिवशी ते एकाच वाक्यावर अडून राहिले. प्रत्येक प्रश्नाला, "मी चोरी नाही केली, साहेब," एवढंच उत्तर.

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगितलं नाही, पण मागे ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता. "काकांना त्रास देऊ नका. मशीन आपल्याच ॲम्ब्युलन्समधून गेल्या. ड्रायव्हर जवळच्या तिरला गावचा आहे." फोन बंद.

माझ्या ठाण्यातल्या महिला हवालदार साध्या साडीत तिरल्याला गेल्या आणि ड्रायव्हरच्या आईशी तासभर गप्पा मारून आल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आपण होऊन त्यांच्यापुढे हजर. "मॅडम, मैं तो ड्यूटी पे था. साहब बोले, देवासला सोडून ये. सोडून आलो. चोरी कायची?"

आता काकांना पुन्हा बोलावलं. या वेळी चोरीचा विषय काढलाच नाही. चहा मागवला आणि विचारलं, "काका, ही मशीन बिघडते कशाने?"

त्यांचा चेहरा बदलला. हवा, नळ्या, बॅटरी, सगळं समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, "कंपनीने सगळीकडे स्वतःच्या नावाच्या पट्ट्या चिकटवल्यात. देवासवाले म्हणतील आमचीच आहे. तुम्ही ओळखाल?"

"का नाही? एकीच्या मागच्या झाकणाचा स्क्रू पडला होता. मी पितळेचा बसवला, स्वतः घासून."

"मग पहिल्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

काका खाली बघत म्हणाले, "मॅनेजर साहेबांनी सांगितलं म्हणून मीच गाडीत चढवून दिल्या. कागद मागितला, तो दिला नाही. बोललो असतो तर दवाखान्याचं नाव खराब झालं असतं. डॉक्टरसाहेबांनी फार कष्टाने उभा केलाय हो तो."

देवास माझं गाव. तिथल्या ठाण्याला रीतसर कळवलं आणि दोन पंच, एक उपनिरीक्षक आणि ओळख पटवायला काकांना घेऊन सकाळी अकराला दवाखान्यात पोहोचलो. अतिदक्षता विभागात चौथ्या खाटेपाशी काका थांबले, वाकले आणि बोटाने दाखवलं. तीन स्क्रू स्टीलचे, चौथा पिवळाधमक.

दुसरी मशीनही काकांनी ओळखली; ती कोपऱ्यात रिकामी उभी होती. पण ही चालू होती. खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि मशीनच्या तालावर त्यांची छाती वरखाली होत होती. उपनिरीक्षकाने जप्तीचा फॉर्म काढला.

"साहेब, हिला हात नका लावू," काका म्हणाले. "माझं नाव साफ व्हायला चार दिवस जास्त लागले तरी चालतील." मग क्षणभर कान देऊन ते तिथल्या नर्सला म्हणाले, "ताई, फिल्टर भरलाय. बदलून घ्या."

ज्याच्यावर चोरीचा आळ, तो माणूस हे बोलत होता. माझी खात्री तिथेच पटली. जप्ती कागदावर केली आणि मशीन तिथल्या डॉक्टरांच्याच सुपूर्द केली. पंचनाम्यात कारण लिहिलं: 'रुग्णाच्या जिवाला धोका होईल म्हणून हलवली नाही.'

मॅनेजरने दोन तासांत सगळं कबूल केलं. देवासचा दवाखाना कंपनी विकणार होती. घेणारे बघायला येणार, म्हणून अतिदक्षता विभाग भरलेला दिसायला हवा, असं त्याला वरून तोंडी सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात धारमध्ये धाप लागलेल्या एका बाईला मशीन नाही म्हणून इंदूरला पाठवावं लागलं. बाई सुदैवाने वाचली. तिच्या नवऱ्याने तक्रारीचा अर्ज केला, आरोग्य विभागाने मशीन दाखवा म्हटलं आणि मॅनेजर घाबरला. चोरीची फिर्याद त्याला सोपी वाटली.

खोटी फिर्याद दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. 'वरून' सांगणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर सापडलं नाही, तेवढी खंत राहिली. बाकी सगळं चांगलं झालं. शिक्षिका बऱ्या होऊन घरी गेल्या. मशीन धारला परत आल्या. काकांना व्यवस्थापनाने लेखी माफीनामा दिला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि थेट कामाला लागले.

पंधरा ऑगस्टच्या संचलनात द्यायच्या सन्मानासाठी मी हवालदार बाईंचं नाव पाठवलं. प्रशस्तिपत्र घेऊन त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माईकवर माझं नाव ऐकलं. माझी आई समोर बसली होती." नोकरीत इतरांचे आणि माझे पुष्कळ सत्कार पाहिले. त्या दिवसाइतकं समाधान मला एकातही मिळालं नाही.

या तपासानंतर माझी चौकशीची पद्धत बदलली. निवृत्त होईपर्यंत समोर बसलेल्या माणसाला मी आधी त्याच्या कामाबद्दल विचारायचो. गुन्ह्याबद्दल माणूस खोटं बोलू शकतो, गप्प राहू शकतो. पण हातातल्या कामाबद्दल बोलायला लागला, की तो कसा आहे ते कळायला फार वेळ लागत नाही.