वन्संनी न लिहिलेलं परीक्षण

आमच्या वन्सं सिनेमाची परीक्षणं लिहितात. माझ्या लग्नाआधीपासून, एकाच वर्तमानपत्रात. नवऱ्याची ही थोरली बहीण एरवी जीव लावणारी. माझ्या बाळंतपणात आईसारखं केलं त्यांनी, खोटं कशाला बोलू? पण लेखणी हातात घेतली की सख्खा ना सावत्र. सिनेमावाले त्यांना पाठीमागे 'कात्रीबाई' म्हणतात. दुसऱ्याच्या परीक्षणाला मात्र त्या कधी नावं ठेवत नाहीत.

माझा नवरा संकलक. ढीगभर चित्रीकरण कापून, जोडून त्याचा सिनेमा करणारा. बरीच वर्षं जाहिरातींवरच भागवलं, आणि मग हा सिनेमा हाती आला. दोन हेरांचा, विनोदी. एक शिस्तीचा, दुसरा वेंधळा, दोघांचं जमतं कमी आणि वाजतं जास्त. लहानपणी टीव्हीवर याच हेरांची कृष्णधवल मालिका लागायची, ती या बहीणभावांनी एका सतरंजीवर बसून पाहिलेली. "हा पडला तर मी हे काम सोडणार," नवऱ्याने मला सांगून ठेवलं होतं. तो उगाच बोलणाऱ्यातला नाही, म्हणून मला धसका बसला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी समीक्षकांसाठी खेळ झाला. वन्संनी पाहिला, बाहेर आल्या आणि भावाला म्हणाल्या, "धाकट्या, यावर मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून कळवलंय." एवढं बोलून टॅक्सीत बसल्या.

झालं. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "ताईला लिहवेनासुद्धा, इतका वाईट," म्हणाला आणि जेवला नाही. वन्संचा असा राग आला म्हणता. माणसानं चार शब्द नीट बोलावेत की नाही?

मग बाकीच्यांची परीक्षणं आली. एकाने लिहिलं, जोडी धमाल आहे. दुसऱ्याने लिहिलं, हसून पोट दुखलं, गोष्ट मात्र विचारू नका. तिसऱ्याने लिहिलं, जुन्या मालिकेच्या नखाचीही सर नाही. पहिली दोन नवऱ्याच्या डोक्यात शिरलीच नाहीत, तिसरं त्याने पाठ केलं.

रविवारी सकाळी मी त्याला ओढतच वन्संकडे नेलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावते. दार उघडं होतं. वन्सं आमच्याकडे पाठ करून फोनवर, आणि आवाज असा चढलेला की जिन्यापर्यंत यावा. पलीकडे तो तिसरा समीक्षक होता.

"नखाची सर नाही? अहो, मालिका पाहिलीत तरी का तुम्ही? त्यातले हेर तीन-तीन भाग एकाच इमारतीत एकमेकांना शोधत फिरायचे आणि आम्ही जांभया द्यायचो. इथे तो मोटारीतला रुसवा बघा. मागून गोळ्या सुटतायत, आणि हे दोघं आधी कोण बोलणार म्हणून अडून बसलेत. कुठे कापायचं आणि कुठे हात आवरायचा, हे कळणाऱ्यालाच ते जमतं. तुम्ही आपली उचलली जीभ लावली टाळ्याला."

नवरा भिंतीला टेकला. वन्सं वळल्या, आम्हाला पाहिलं आणि "ठेवते" म्हणून फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना ओशाळलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"ताई, म्हणजे तुला आवडला?"

"न आवडायला काय झालं?"

"मग लिहिलं का नाहीस?"

"वाईट असता तर लिहिलं असतं," वन्सं म्हणाल्या. "तुला चांगलं धारेवर धरलं असतं, कुणी हूं की चूं केलं नसतं. पण मी चांगलं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, भाऊच आहे ना तिचा. तुझं खरं कौतुक माझ्यापायी खोटं ठरलं असतं."

नवरा तिथल्याच खुर्चीत बसला आणि रडला. मलाही हुंदका आला, इतकं हलकं वाटलं. मग मात्र मी वन्संवर उखडलेच. म्हटलं, हे त्याच दिवशी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?

"मला वाटलं, त्याला कळेल," त्या म्हणाल्या, आणि भावाचं डोकं जवळ घेतलं.