वहिनीचा गळा, माझा घास

किळस पचवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात नव्हता. लढाईत मी खेचरांच्या पलटणीत होतो. त्यांच्या मागं इतका चाललो की नुसत्या लिदीच्या वासावरून कालचा चारा कुठल्या मुलखातला ते सांगायचो. पण सुटून घरी आलो, थोरल्या वहिनीचा गळा बघितला, आणि ती लीद मला मोगऱ्यासारखी आठवायला लागली.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. ज्वारी हुरड्यात आली की वहिनी राखणीला शेतातल्या माळ्यावर चढायची. गोफणीला तिनं कधी हात लावला नाही. एक हाळी टाकली की आमच्या शिवारातली पाखरं उठायची ती थेट औंधाच्या डोंगरावर यमाईच्या कळसाला जाऊन टेकायची. तिथले पुजारी म्हणे त्यावरून ओळखायचे की बाई माळ्यावर चढली.

त्या आवाजाच्या बुडाशीच गाठ आली. आधी सुपारी, मग लिंबू, मग पेरू, आणि मी परत आलो तेव्हा वांगं. भरल्या वांग्याचं नव्हे, भरताचं. वहिनी घास गिळायची तेव्हा ते वांगं वर जायचं आणि डुलत खाली यायचं. मी भिंतीकडं तोंड करून जेवायला लागलो. आडवी झाली की तिच्या श्वासाला शिट्टी लागायची, म्हणून ती बसूनच झोपायची.

गावात एक बाबा पाला चघळून गाठीवर थुंकायचा. तोच त्याचा उपाय. पाला कसला ते देवाला ठाऊक, पण त्यात तंबाखू होती, काल खाल्लेला कांदा होता आणि बाबाचे दोन किडके दात होते. थुंकी गळ्यावर वाळेपर्यंत पुसायची नाही. माशा मात्र थांबत नव्हत्या. थोड्याच दिवसांत कातडी चिघळली, पिवळं पाणी झिरपायला लागलं, आणि बाबा म्हणाला, "बघा, रोग भाईर पडतोय."

"बाबाच भाईर पडू द्या आधी," वहिनी म्हणाली. तिच्या घशातून ते फाटक्या भात्यासारखं निघालं, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिला आगगाडीत बसवलं.

दवाखाना सांगलीच्या बाजूला होता. हळदीच्या पोत्यांचा वास येत होता तोवर बरं होतं. आत शिरलो आणि जंतू मारायचं कारबोलिक, रक्त आणि शिळं उकडलेलं अंडं असा एकच वास नाकात घुसला. शेजारच्या खाटेवर गंडमाळेचा एक म्हातारा होता. त्याच्या मानेला इतकी तोंडं होती की त्यातली निम्मी बोलत असावीत असं मला वाटलं. पट्टी सोडली की तो मला बोलवायचा. "ये रं गड्या, बघ तरी, आज पू किती आलाय." भाकरीवरचं लोणी दाखवावं तसा दाखवायचा.

डॉक्टर गोरा होता. मराठी पुस्तकातून शिकलेला. म्हणाला, "ही गाठ श्वासनलिका दाबीत आहे. कापली पाहिजे. रक्त फार जाऊ शकते. आणि गाठीच्या पाठीमागे आवाजाची नस आहे, दोऱ्याइतकी. ती तुटली तर आवाज गेला."

"गेला म्हंजी?" वहिनीनं विचारलं.

"फक्त कुजबुज राहील."

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, कुजबुजून पाखरं उठत्यात व्हय? मुकी हून माळ्यावर बसायचं तर बुजगावणं काय वंगाळ?" पण रात्रीची शिट्टी तिलाही ऐकू येत होती. शेवटी तीच म्हणाली, "कापा. पर आवाज ठिवा."

डॉक्टरनं तोड काढली. भूल गळ्यापुरतीच द्यायची, सुईनं. बाई जागी राहील आणि सारखी बोलत राहील. आवाज बदलला की त्याची सुरी थांबेल. तिला बोलती ठेवायला घरचं माणूस हवं होतं. वहिनीचा नवरा, माझा दादा, रक्त बघितलं की आडवा व्हायचा, तो दाराबाहेर बसला. खेचरांच्या जोरावर मी आत गेलो. माझ्या तोंडाला फडकं बांधून डॉक्टरनं मला बजावलं, "येथे थुंकी, घाम, काही पडता कामा नये. जखम सडेल."

सुरुवात झक्क झाली. मी विचारायचो, ती सांगायची. म्हशीचं दूध, जावेची उचललेली जीभ, कुणाच्या लग्नात वरणात काय सापडलं. आणि मग माझी नजर खाली घसरली. गळा पोत्याच्या तोंडासारखा उघडा होता. चिमटे मोरपिसाऱ्यासारखे चौफेर उभे होते, आणि मधोमध ते वांगं, ओलं, जांभळं, वहिनीच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होतं. ती "म्हैस" म्हणाली की ते म्हशीसारखं हललं.

माझ्या पोटातनं सकाळची भाकरी आमटीसकट उठली आणि गालांत येऊन थांबली. फडक्याच्या आत. तोंड उघडलं तर सगळं त्या गळ्यात. मी ओठ मिटले, तरी आमटीचा एक ओघळ फडक्यात उतरलाच.

मी गप्प, म्हणून वहिनी गप्प. डॉक्टरची सुरी त्या नसेपाशीच होती. त्यानं स्वतःच विचारलं, "बाई, आपल्या पतीचे नाव सांगावे."

वहिनी बोलेना.

"बाई, पतीचे नाव."

नाही. डॉक्टरच्या कपाळावर घाम फुटला. नर्स तो टिपायला धावली. नस तुटली, बाई गेली मुकी, असंच दोघांना वाटलं. मला कळत होतं. आमच्याकडची बाई मान कापली तरी नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि इथं तर कापलेलीच होती. पण सांगायला तोंड रिकामं कुठं होतं? डॉक्टर सुरी ठेवून टाके घालायच्या बेतात आला. वांगं अर्धं आत, अर्धं बाहेर.

मी डोळे मिटले आणि सगळं परत गिळलं. आमटीसकट. ती चव आज लिहितानाही जिभेवर आहे.

"सायेब," मी म्हणालो, "नाव घेत न्हाईत आमच्याकडं. वैनी, उखाण्यात घ्या की वो."

मग त्या उघड्या गळ्यातून, खणखणीत:

"चिरलेल्या गळ्यावर दिव्याचा उजेड, अमुकरावांचं नाव घेते, भावजी माझं येडं."

नाव मी इथं लिहीत नाही, दादा अजून लाजतो. दाराबाहेर त्याला ते स्पष्ट ऐकू गेलं आणि रक्त न बघताच तो आडवा झाला. डॉक्टरनं सुरी उचलली आणि वांगं पुरतं बाहेर काढलं.

पुढं बरेच दिवस तिचा आवाज घोगरा होता. हुरड्याला ती माळ्यावर चढली, गळ्यावर पदर गुंडाळून, आणि हाळी टाकली. पाखरं उठली, पण औंधापर्यंत काही गेली नाहीत. आमच्याच बांधावरच्या बाभळीवर बसली. दादा खालून म्हणाला, "निम्मा आलाय."

निम्मा पुरला. माझं फडकं सोडताना नर्सला आत काय दिसलं ते तिनं वहिनीला सांगितलं होतं, आणि वहिनीनं त्या निम्म्या आवाजात ते तीन तालुक्यांना सांगितलं. अजून कुठल्याही पंगतीत मी पुरे म्हणालो की पलीकडच्या टोकाहून हाळी येते, "वाढा गं भावजींना. त्यांनी काय काय गिळलंय, ह्ये काय जड हाय?"