अमावस्येची सुट्टी आणि पंचगंगेची वाम

मागाच्या शेडमध्ये संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळी कोपऱ्याकोपऱ्यात पुन्हा कापसाचा भुरा साचलेला असतोच. किश्शांचं तसंच आहे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण साठीला टेकल्यावर बघावं तर डोक्यात हा एवढा ढीग! माझे कान गेले, गुडघे गेले, किस्से तेवढे शाबूत राहिले. तेही मासे धरण्याचे. आणि त्यात मासे कमीच!

नव्वदचं दशक संपता संपताची गोष्ट. कबनूरला एका कारखानदाराकडे आम्ही माग चालवायचो. बारा-बारा तासांची पाळी, घरी जाऊन आडवं व्हायचं, उठून परत मागावर. शेठ देवभोळे. अमावस्येला कारखाना बंद, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. धड अशी सुट्टी आम्हाला ती एकच. आणि पगार आदल्या दिवशी!

इथंच गणपाचं घोडं अडायचं. गणपा माझ्या शेजारच्या मागावरचा. महिनाभर गाईसारखा गरीब, पण अमावस्येच्या रात्री खिशात पगार आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मोकळीक मिळाली की हा सरळ गुत्त्यावर. एकदा पोरींच्या शाळेचे पैसे पिऊन आला. त्याच्या बायकोनं, सुमननं, दोन्ही पोरींना घेतलं आणि आजऱ्याची एसटी धरली. माहेरी. गणपा आणायला गेला तर दारातनंच म्हणाली, "बाकीच्या दिसांचं मला सांगू नगा. आवस कोरडी काढून दावा."

"एक काढली की येशील?"

"मला पटस्तवर काढा!"

मग आम्ही तिघांनी ठरवलं, अमावस्येला गणपाला एकटं सोडायचं नाही. मी, माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर बशीर आणि हिशेब लिहिणारा दिवाणजी मिलिंद. पण न्यायचं कुठं? ज्याच्या वाटेवर गुत्ता नाही अशी जागा आमच्या भागात शोधून सापडेना. शेवटी बशीर म्हणाला, "नदीला जाऊया. मासं धरू."

मासे कसे धरतात, हे आम्हाला चौघांपैकी कुणालाच येत नव्हतं!

*

पहिल्या अमावस्येला सायकली मारत पंचगंगेच्या काठाला गेलो. कारखान्यांच्या रंगाचं पाणी नदीत येतं त्याच्या बरंच वरच्या अंगाला. कळकाच्या काठ्या, तंगुसाची दोरी, गळ, डबाभर गांडुळं, सगळं जय्यत. दोरीला घुंगरू बांधायचं, मासा लागला की ते वाजतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण मागाच्या खडखडाटात उमर गेलेल्या माणसांना घुंगरू काय ऐकू येणार? आम्हाला कारखान्याचा भोंगासुद्धा अंदाजानंच कळायचा.

शिवाय आमचं बोलणं. मागावरचा माणूस एकमेकांच्या कानाशी ओरडूनच बोलतो, मग बाहेरही आवाज तोच राहतो. मिलिंद ऑफिसात बसणारा, त्याचे कान शाबूत. तो कळवळून म्हणाला, "अरे, हळू बोला, मासे पळतात!"

"काऽऽय?" बशीर.

"हळूऽऽ बोलाऽऽ!"

थोड्या वेळानं मागच्या उसातनं बॅटऱ्या चमकल्या आणि काठ्या घेतलेले सात-आठ शेतकरी आमच्याभोवती उभे. नदीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या त्या दिवसांत. गणपानं तर हातच वर केले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमच्याकडं निरखून बघितलं आणि कंटाळून म्हणाला, "सोडा रं ह्यास्नी. चोर एवढं बोंबलत न्हाईत."

*

चार-सहा महिन्यांत आम्ही तरबेज झालो. म्हणजे मासे धरण्यात नव्हे, मासे का लागत नाहीत हे सांगण्यात!

मिलिंदचं म्हणणं, अमावस्येसारखी रात्र नाही. वाम, म्हणजे तो सापासारखा लांबडा मासा, दिवसभर चिखलात, दगडाच्या कपारीत दडून बसते आणि अंधार पडला की चरायला निघते. शिंगाळ्याचंही तेच. वासावर जातात, त्यांना उजेड लागतच नाही. चांदणं पडलं की उलट बावरतात, खोल जाऊन बसतात.

बशीरला हे पटायचं नाही. "पुनवंच्या उजेडात बारकं मासं वर खेळत्यात, त्यांच्या मागनं मोठं येत्यात. आमिष दिसलं तर खाईल न्हवं? तू अंधारात जेवतोस व्हय रं?"

"लाइट गेल्यावर जेवतोच की!" मिलिंद म्हणायचा.

दर महिन्याला हाच तमाशा. चतुर्थी, अष्टमी, चंद्र कधी उगवतो, कधी मावळतो, मासा चंद्र उगवायच्या आधी खातो की नंतर... बारा तास माग ओढून आलेल्या माणसानं हे किती वेळ ऐकावं? मी आपला हात उशाला घेऊन पडायचो. गणपा गप्प बसून पाण्याकडं बघत असायचा. एका रात्री मिलिंदनं ठासून सांगितलं, "माझा अनुभव आहे, मासा अमावस्येलाच लागतो!"

तेव्हा गणपा पहिल्यांदा बोलला. "दिवाणजी, आपुन दुसऱ्या कुठल्या राती आलोय कवा?"

अमावस्येला मासा लागतो, कारण अमावस्येला आम्हाला सुट्टी असते!

*

एका महिन्यात शेठकडं मोठी ऑर्डर होती. सलग पाळ्या करून अमावस्येला आम्ही नदीवर पोचलो तेव्हा डोळे उघडे ठेवणं मुश्कील. गळ टाकले. चौघांनी पाळीपाळीनं जागायचं ठरलं. पहिली पाळी कुणाची, यावर बोलणं चाललेलं असतानाच सगळे घोरायला लागले.

जाग आली ती म्हशींनी. सकाळ होऊन म्हशी पाण्यात उतरल्या होत्या. बघतो तर सगळ्यांच्या गळावरची गांडुळं साफ आणि बशीरची तर काठीसुद्धा गायब. काहीतरी मोठं धूड तंगुसासकट घेऊन गेलं होतं.

बशीर डोकं धरून बसला. मिलिंद डोळे चोळत म्हणाला, "बघ. अंधारात जेवतात की नाही?"

*

आता एक किस्सा, ज्याला आम्ही तेव्हा हसलो नाही.

अंधारात मासा वासावर येतो म्हटल्यावर मिलिंदनं आमिष सुधारायला घेतलं. कणीक, शेंगदाण्याची पेंड, लसूण, हिंग. तरी मासा येईना. मग एका अमावस्येला, कुणीतरी सांगितलं म्हणून, त्यानं त्या गोळ्यात देशी दारू घालून मळून आणली. डबा उघडला आणि सगळ्या काठावर घमघमाट!

आम्ही नाकं धरून हसत होतो. जरा वेळानं बघतो तर गणपा जागेवर नाही. सायकल होती, चपला होत्या, माणूस नाही. गुत्ता लांब होता, पण तलफ आलेला माणूस अनवाणी किती लांब जातो ते मी बघितलेलं होतं. आम्ही तिघं तीन दिशांना हाका मारत पळालो.

गणपा नदीतच होता. कमरेभर पाण्यात, पाठ आमच्याकडं करून उभा.

"आरं, ये की भाईर!" बशीर ओरडला.

"हितं वास येत न्हाई," गणपा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

बशीरनं डबा उचलला आणि आमिषासकट लांब भिरकावून दिला. मिलिंदनं सगळ्यांच्या गळाला परत साधी गांडुळं लावली. आणि पंचगंगेतले एकूण एक मासे तो डबा पडला तिथंच जमले असणार, कारण आमच्या गळाला सकाळपर्यंत काहीही लागलं नाही.

*

पौर्णिमेचा निकाल मात्र एकदाचा लागला. ऐन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि माग थांबले. बशीर हट्टालाच पेटला, "आता चलाच!" गेलो. टिपूर चांदणं. पाण्यावर बारके मासे चमचम उड्या मारत होते. गळ टाकला की मासा, टाकला की मासा! कटला, शिंगाळे, बादली भरली. बशीर छाती काढून फिरत होता. मिलिंद म्हणाला, "एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही." पण गळ टाकायचं त्यानं थांबवलं नाही.

उजाडताना वरात काढल्यासारखे गावात आलो. आमच्या घरी बायकोनं बादलीकडं नुसतं बघितलं. "आज पुनव हाय. उंबऱ्याच्या आत आणू नगा." मिलिंदची आई पौर्णिमेला विहारात जाणारी, त्या दिवशी तिच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. तिनं तर दारच लावून घेतलं! बादली फिरत फिरत शेवटी बशीरच्या दारात.

बशीर शांतपणे म्हणाला, "मी कवापास्नं म्हणत हुतो, पुनवंला जाऊया!"

मी गणपाला म्हटलं, "तू तरी ने रे दोन."

तो म्हणाला, "माझ्यात तीथ बी पाळायला माणूस न्हाई, अन् मासा शिजवायला बी न्हाई." आणि सायकलवर टांग टाकून गेला. वर्ष उलटून गेलं होतं. एक अमावस्या त्यानं चुकवली नव्हती, पण आजऱ्याहून काही निरोप नव्हता. कोरडी अमावस्या दाखवायची तरी कशी? पिऊन आलेला माणूस सगळ्यांना दिसतो, न पिता आलेला कुणाला दिसत नाही. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

आणि ही एक अमावस्या. उन्हाळ्याचे दिवस. आम्ही नेहमीसारखे रिकाम्या हातांनी बसलेलो. मागच्या रस्त्यावर रिक्षा थांबली आणि कुणीतरी बॅटरी मारत खाली यायला लागलं.

सुमन! संध्याकाळच्या गाडीनं न सांगता आलेली. घराला कुलूप बघून बशीरच्या घरी गेली, पोरींना तिथं निजवलं आणि त्याच्या भावाची रिक्षा करून सरळ नदीवर.

आम्ही उभे राहिलो. गणपा तसाच वाळूत बसलेला. तिनं बॅटरीचा झोत आधी आमच्या बादलीत मारला. बादली कोरडी ठणठणीत. मग गणपाच्या तोंडावर.

"हितं येता व्हय दर आवसंला?"

"व्हय."

"मग मासा कुठं हाय?"

मिलिंदनं घसा खाकरला, "वहिनी, त्याचं असं आहे, चंद्र..."

"तुमी गप बसा दिवाणजी." ती गणपाच्या अगदी जवळ गेली. "फुका."

आमच्यासमोर गणपानं फुंकर मारली. तिनं परत मारायला लावली. मग बॅटरी विझवली आणि त्याच्या शेजारी वाळूत बसली. गणपाची काठी तिनंच हातात घेतली. आम्ही तिघं जरा लांब सरकून बसलो. तासभर, दोन तास, कुणी बोललं नाही. आमच्या आयुष्यातली सगळ्यात शांत अमावस्या!

पहाटेच्या आधी ती काठी एकदम वाकली. गणपा धरायला गेला तर तिनं त्याचा हात झिडकारला. पाय वाळूत रोवले आणि मागं मागं सरत एकटीनं ओढून काढली. हाताएवढी लांब वाम! वाळूत सळसळायला लागली तशी बशीरनं तिच्यावर पोतं टाकलं. मिलिंद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अमावस्या!" मी त्याला गप्प केलं.

सुमन धापा टाकत पोत्याकडं बघत होती. मग पदरानं हात पुसले आणि गणपाला म्हणाली,

"घरात चटणी हाय का?"

"हाय की," गणपा म्हणाला.

"अन् कांदं?"

गणपा आमच्या तोंडाकडं बघायला लागला.

बशीर म्हणाला, "पोरीस्नी न्याला येशीला न्हवं वैनी? तवा माझ्यातनं घिऊन जावा!"