सत्तर की एकाहत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आपलं कुणी काय बुडवलं, तेवढंच मी आजवर लोकांना सांगत आलो. अकरा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवलं आणि कायम जागा निघाली तेव्हा तिथं संस्थेच्या सचिवाचा भाचा बसला — हे मी रिक्षावाल्यांनाही ऐकवलंय. पण माझ्या हातून कुणाचं काय गेलं? ते मात्र आज पहिल्यांदाच लिहितोय. कसं लिहायचं ते अजून जमत नाहीये, म्हणून जरा लांबून येतो.

क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझा गणिताचा क्लास आहे. जागा भांडून मिळवली, बाकं घासाघीस करून आणली. अजिंठ्याकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला कुणी काही देत नाही, हिसकून घ्यावं लागतं — असं मी पोरांना सांगतो. क्लासच्या माहितीपत्रकावर पहिलंच वाक्य आहे: प्रत्येक मुलाचं डोकं वेगळं चालतं, आम्ही ते ओळखतो. वाक्य माझंच. आणि खोटं असतं तर बरं झालं असतं, पण मी खरंच ओळखतो. एखाद्याला आकृती काढल्याशिवाय काहीच दिसत नाही. एखादी ओठातल्या ओठात पुटपुटत गणित सोडवते, तिला गप्प बसवलं की अडते. एखाद्याला आधी उत्तर सांगावं लागतं, मग तो मागं मागं येत वाट शोधतो. पंधरा दिवसांत मला प्रत्येकाची चाल कळते. मग रेणुकाची कळली नव्हती, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

रेणुका नववीत होती. घरचे कन्नडकडचे, मेंढरं राखणारे. आजोबा अजून कळपामागं फिरत होते, वडील वाळूजला एका कंपनीत हेल्पर. पोरगी वहीत उत्तर लिहायची, पायऱ्या लिहायची नाही. उत्तर मात्र बरोबर असायचं. एकदा क्लास सुटल्यावर मी तिला विचारलं, हे येतं कुठून? आधी लाजली. मग म्हणाली, "आजोबा मेंढरं मोजत नाय सर. कोण कमी हाय तेवढंच बघतात. मी बी तसंच करते."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. संध्याकाळी कळप आत येतो तेव्हा म्हातारा एक, दोन, तीन करत बसत नाही. किती असायला पाहिजेत ते डोक्यात धरून ठेवतो आणि फक्त फरक बघतो. पोरीनं ते आकड्यांना लावलं होतं. सरासरी काढायची तर बेरीजच करायची नाही. मधला एक आकडा धरायचा, कोण त्याच्या किती खाली, कोण किती वर, तेवढंच सांभाळायचं. ही पद्धत दहावीच्या पुस्तकात आहे, गृहीत मध्य म्हणतात. तिनं ते पुस्तक उघडलंही नव्हतं. त्या दिवशी मी तिला शाबास म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. ते लिहून ठेवतो, कारण पुढचं त्यामुळं जास्तच वाईट होतं.

एप्रिलमध्ये दहावीच्या नव्या बॅचचा डेमो होता. डेमो म्हणजे आमच्या धंद्यातलं स्थळ बघणं. पालक मागच्या बाकांवर बसतात, मी फळ्यावर शिकवतो, आणि तासाभरात ते ठरवतात, लेकरू इथं घालायचं की समोरच्या क्लासला. जुनी चारदोन हुशार पोरं मी पुढं बसवतो. रेणुकाला मीच बसवली होती.

दहा मुलांचे गुण फळ्यावर लिहिले, सरासरी काढायला घेतली. वेग दाखवायचा होता. बोलत बोलत, पालकांकडं बघत बेरीज केली आणि उत्तर लिहिलं — सत्तर. रेणुका जागेवरूनच हळू म्हणाली, "सर, एकानं कमी पडायलंय."

मी फळ्याकडं पाहिलं. एकं स्थानाची बेरीज चाळीस होती, हातचे चार. मी तीनच धरले होते. उत्तर एकाहत्तर. हे समजायला मला किती वेळ लागला असेल? तिचं वाक्य संपायच्या आत मला समजलं होतं.

हसून दुरुस्त करता आलं असतं. शाबास पोरी, म्हणता आलं असतं — पालक उलट खूश झाले असते. आज हे कुणालाही सुचेल. पण माझं डोकं तापलं की मला वर्गातली पोरं दिसत नाहीत, तो भाचा दिसतो. खुर्ची जाताना दिसते. मी डस्टर उचललं आणि फळा पुसला. सगळा. कुणाला पडताळता येऊ नये म्हणून.

मग तिला फळ्यापाशी बोलावलं. म्हणालो, पुस्तकाच्या मागच्या पानावरचं उत्तर बघून बोलायचं नाही, पायऱ्या दाखव. ती खडू घेऊन उभी राहिली. आकडेच पुसले होते, ती काय दाखवणार? तरी तिनं आठवून दोनतीन लिहिले. म्हणाली, "सत्तर धरलं सर, मग कोण किती कमी…"

"हे गणित आहे," मी म्हणालो. "मेंढरं मोजायला आलीस काय?"

वर्ग हसला. मागचे पालकही हसले. कुणाला वाटेल, रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं. नाही — मी ते निवडलं होतं. एकटीला विचारल्यावर तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट, तीच मी चारचौघांत तिच्या तोंडावर मारली. कुठं लागेल हे मला ठाऊक होतं. पोरांची डोकी ओळखण्यात मी हुशार आहे ना?

त्या डेमोनंतर बॅच भरली.

दोन दिवसांनी तिचे वडील तिला घेऊन आले. मला वाटलं, भांडायला आले. मी तयारीतच होतो. तर ते हात जोडून म्हणाले, लेकरू हाय सर, मोठ्या माणसाच्या मधी बोलली, पोटात घाला. तिला माझ्या पाया पडायला लावलं. ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. उलट तिथंही सौदा केला — पहिल्या बॅचमध्ये जमायचं नाही, कच्च्या पोरांच्या बॅचमध्ये बसवतो, म्हणालो. ते त्यालाही उपकार समजले. ती पंधरा दिवस आली. मग यायची थांबली.

पावसाळ्यात गृहीत मध्याचा धडा आला. मी मेंढरांचं उदाहरण दिलं. म्हातारा, कळप, किती असायला पाहिजेत, कोण कमी — सगळं. पोरांना एका दमात कळलं. आता दर डेमोला तेच शिकवतो. सरांचं मेंढरांचं गणित म्हणून लोक ओळखतात. कुठून सुचलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, खेड्यातला आहे ना मी.

हे सगळं सात वर्षांपूर्वीचं. इथवरच असतं तर कदाचित मी आजही लिहिलं नसतं.

या जूनमध्ये तिचे वडील पुन्हा आले. धाकटीला, सुवर्णाला, क्लासला घालायचं होतं. मागं रेणुका उभी होती, बहिणीचं दप्तर धरून. दहावी कशीबशी काढली, गणित सोडलं, आता कापडाच्या दुकानात कामाला आहे, असं वडिलांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. बापाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, हिला डोकंच नव्हतं ना गणिताचं? का आमचं काय चुकलं?"

सात वर्षांनी कुणीतरी मला सरळ प्रश्न विचारला होता. ती माझ्याकडं बघत होती. खोलीत आम्ही चौघंच होतो — डेमो नव्हता, बॅच नव्हती, हरायला काहीच नव्हतं. आणि मी म्हणालो, "नव्हतं."

वडिलांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर थोडं हलकं झाल्यासारखं दिसलं.

रेणुकानं दप्तर बहिणीच्या खांद्यावर अडकवलं, तिची ओढणी सारखी केली आणि तिला म्हणाली, "सर सांगतील तशा स्टेपा लिहायच्या. डोक्यात करायचं नाय. कळलं?"

धाकटी व्हय म्हणाली. आता ती तिसऱ्या बाकावर बसते. खाली मान घालून एकेक पायरी लिहिते, एकही गाळत नाही. मी तिच्या वहीत पायरीपायरीला बरोबरची खूण करतो.