स्क्रूवरचा लाल ठिपका

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. "ताई, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?"... माझा प्रल्हादमामा जाऊन जाऊन जायचा कुठं, तर पालेगावच्या रस्त्यावरच्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजात, नाहीतर रविवारी सकाळी विहारात. तिसरी जागा त्याला ठाऊकच नव्हती. मी काय विचारून बसले ते फोन ठेवल्यावर कळलं. बदलापूरहून अंबरनाथला मी माझ्याच गाडीने गेले. रस्ताभर रडत होते, पण गाडी नीट चालवली. मामाने बघितलं असतं तर म्हणाला असता, "रड की बेबी, पण गियर बदलताना नको."

याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक त्याच्याबद्दल भरभरून बोलले. फॅक्टरीतले जुने फिटर बोलले, रिक्षावाले बोलले. फॅक्टरी बंद पडली तेव्हा घरी हातपाय गाळून न बसता त्याने चाळिशीत गॅरेज कसं टाकलं, ते सगळ्यांनी सांगितलं. मला मात्र बोलायला उठवेना. मला जे सांगायचं होतं ते तिथं तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक माझा नवरा, तो मान खाली घालून बसला होता.

मामाची एक पद्धत होती. गाडी दारात आली की तो बॉनेट उघडायचाच नाही. आधी विचारायचा, "शेवटचा हात कोणाचा लागलाय?" गिऱ्हाईक वैतागायचं. अरे बाबा, गाडी धूर सोडतेय, तू हात कोणाचे विचारतोस! पण तो ऐकायचा नाही. "गाडी आपणहून रुसत नाही. कोणीतरी काहीतरी करून ठेवतं, मग ती रुसते," हे त्याचं ठरलेलं. आणि मग तो खिळ्यावर टांगलेली हातभर लांबीची काळी रबरी नळी काढायचा, एक टोक कानात घालायचा आणि दुसरं चालू इंजिनावरून हळूहळू फिरवायचा. कुठे हवा गळते, कुठे काय खडखडतं, ते त्याला त्या नळीतून ऐकू यायचं. डोळे मिटून ऐकायचा. मामी म्हणायची, "बायकोचं एवढं ऐकलं असतं तर बंगला झाला असता."

मी गाडी घेतली तेव्हा मोबाईलवरचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं. जुनी, पांढरी, चौथ्या मालकाची गाडी. आमच्या दोन्हीकडच्या घरांत स्टिअरिंगला हात लावणारी मी पहिली बाई, आणि तेसुद्धा अडतिसाव्या वर्षी. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "कविता, हे तुझं काम नाही." आणि खरं सांगते, गाडीही त्याच्याच बाजूची होती. सिग्नलला बंद, चढावर बंद, लोकांच्या दारात बंद. मागून हॉर्न, आणि कोणीतरी ओरडायचंच, "मॅडम, रिक्शा पकडो ना!" एकदा मामाच्या गॅरेजात पोचले आणि तिथंच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. त्याने माझ्या हातातून चावी घेतली. "ठेवून जा गाडी, सर्व्हिसिंग करतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर गाडी बंदच पडेना! काय मिजास चढली मला. स्टाफरूममध्ये सांगत सुटले, आता आपला पाय बसला बाई क्लचवर. दोन आठवडे मी हवेत होते. आणि मग एक दिवस गाडी आपोआप रेस घ्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटरवर पायाचा अंगठासुद्धा नाही आणि इंजिन आपलं केकाटतंय. गरम झालं की जास्तच. उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारात मी क्लच जरा सोडला मात्र, गाडीने उडी मारली ती थेट एका पापडवाल्याच्या हातगाडीवर. पापडांचा चुरा झाला. हातगाडीच्या दांड्याशी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचा पाय चाकापासून वीतभर लांब होता. समोरच्या दुकानातून एक सिंधी काका धावत आले, "बेटी, ब्रेक दबाओ, ब्रेक!" म्हातारा मला काहीच बोलला नाही, तेच मला जास्त लागलं. त्या रात्री मिलिंदने बेलवलीतल्या एकाला फोन करून गाडी विकायची म्हणून सांगितलं, आणि मी गप्प राहिले. कारण मलाही वाटायला लागलं होतं की गाडीत काही नाही, माझ्याच पायात खोट आहे.

मामाने तीन रविवार मागून घेतले. "तोवर विकू नका मिलिंदराव, मला फॉल्ट काढू द्या." पहिल्याच रविवारी त्याने ठरलेला प्रश्न विचारला, शेवटचा हात कोणाचा? मी म्हटलं, "मामा, तुझाच. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देते का?" तो मोठ्यानं हसला. "मग तिथं बघायलाच नको!" झालं. मग त्याने अ‍ॅक्सिलरेटरची केबल काढली, तेल घालून परत बसवली. चोक तपासला. कार्बोरेटर खोलून धुतला. दोन रविवार गेले, गाडी केकाटतेच. तिसऱ्या रविवारी मिलिंदही आला, कारण चार वाजता तो बेलवलीचा माणूस गाडी बघायला येणार होता. मामाने नळी कानात घातली, आणि बऱ्याच वेळाने त्याचा चेहरा फुलला. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक रबरी पाईप चिरला होता, तिथून सूं सूं करत हवा आत ओढली जात होती. पाईप बदलला. आवाज उतरला... पण निम्माच.

मिलिंदने घड्याळाकडे बघितलं. मामी चहा घेऊन आली होती. ती कपबशा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा नको. सगळ्या जगाचे हात तपासता, स्वतःचा तपासला का?"

मामा नळी हातात धरून उभाच राहिला. नळी हातात धरून उभाच राहिला. आयुष्यभर परक्यांना विचारलेला प्रश्न, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा माणूस हसून पुढे गेला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेबी, त्या दिवशी तू रडलीस ना, मग मी रेसचा स्क्रू पिळून ठेवला. चांगला दीड फेरा. गाडी बंद पडू नये म्हणून. वर हा पाईप चिरला, मग ती केकाटणारच. तुला बोललो नाही. म्हटलं, हिला वाटू दे की हिला जमलं." आणि मिलिंदकडे वळून, अगदी सरळ उभं राहून, "मिलिंदराव, पोरीच्या पायाची चूक नाही. माझ्या हाताची आहे. तो म्हातारा थोडक्यात वाचला, तेपण माझ्याच नावावर."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला आला राग! दोन आठवडे ज्याला मी माझं कर्तृत्व म्हणून मिरवत होते, ते मामाच्या स्क्रूचं होतं. मी फणफणत म्हटलं, "मला बंद पडलेली चालली असती, मामा. फसवलेली नाही." तो परत बॉनेटवर वाकला. मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू केसाकेसाने सैल करत गेला, इंजिन शांत होईपर्यंत. "पर्समध्ये नेलपॉलिश आहे का गं?" होतं, लाल. त्याने त्या स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक ठिपका दिला. स्क्रू जराही हलला तर ठिपका तुटेल. "आता तुला न सांगता इथं कोणाचा हात लागणार नाही. माझापण नाही. आता बंद पडेल, पडू दे. परत चालू कर."

घरी जाताना गाडी तीनदा बंद पडली. मिलिंद शेजारी बसला होता. तिसऱ्यांदा मागून हॉर्न सुरू झाले तेव्हा त्याने खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली, आणि मग तोच हात आत घेऊन बेलवलीच्या माणसाला फोन लावला, की येऊ नका, गाडी द्यायची नाही. मी मामाशी आठ दिवस बोलले नाही. आज त्या आठ दिवसांचं फार वाईट वाटतं. नवव्या दिवशी मीच गाडी घेऊन गेले. तो हात पुसत आला, "जय भीम, ड्रायव्हरबाई" म्हणाला, बॉनेट उघडून ठिपका बघितला आणि मामीला चहा टाकायला सांगितलं. पुढची सगळी वर्षं हेच. मी गेले की आधी ठिपका, मग चहा.

सुजाताने परवा ती काळी नळी मला दिली. गाडीतच ठेवलीय. मी कानाला लावून बघितली, मला काही कळत नाही. नुसता गदारोळ. गॅरेज बंद आहे म्हणून गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच गाडी बदलापुरातल्या एका मेकॅनिककडे दाखवली. पोरगा हुशार आहे. बॉनेट उघडून म्हणाला, "मॅडम, रेस एकदम कमी ठेवलीय कोणीतरी. जरा वाढवून देऊ? सिग्नलला बंद नाय पडणार." त्याचा स्क्रूड्रायव्हर त्या लाल ठिपक्यापर्यंत पोचलासुद्धा होता.

"नको," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की तो दचकलाच. "तिथं शेवटचा हात माझ्या मामाचा आहे. राहू दे."

बॉनेट मी स्वतः बंद केलं. बाहेर पडले, आणि पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू. "मामा, पडली बघ बंद," मी मोठ्यानं म्हटलं, आणि चावी फिरवली.